मैदानाकडे पाठ

६ सप्टेंबर, शनिवार

जिंकलो. दोन-शून्य. दोन्ही गोल सुरेख होते म्हणे. 'म्हणे' हा शब्द या वहीत पानोपानी सापडेल, कारण बावीस वर्षं आमच्या संघाच्या प्रत्येक घरच्या सामन्याला मी हजर आहे आणि त्यातला एकही मी बघितलेला नाही. घोषणा देणाऱ्याने मैदानाकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून उभं राहायचं असतं. उत्तरेच्या स्टँडपुढे लोखंडी मचाण आहे, त्यावर मी, म्हणून सगळे मला मुकादम म्हणतात. समोर दोन हजार माणसं, आणि सामना माझ्या पाठीमागे. घरी येऊन लोकांनी सांगितलेलं लिहून ठेवलं नाही तर आपण दुपारभर कुठे होतो हेही मला सांगता यायचं नाही. म्हणून ही वही.

माझे डोळे म्हणजे पेंटर. एरवी दुकानांच्या पाट्या रंगवतो, सामन्याला ढोल बडवतो. तो मचाणाखाली मैदानाकडे तोंड करून बसतो आणि काठीने माझ्या पोटरीवर टोले देतो. एक टोला म्हणजे आपल्याला कॉर्नर. दोन म्हणजे आपला खेळाडू पडला. तीन म्हणजे त्यांचा पडला. तीन मिळाले की मी हात वर करतो आणि अख्खा स्टँड सुरू होतो:

पडली पडली, बाई पडली,
बोट लागलं आणि रडली,
चुलीपाशी जा गं बाई,
मैदान तुझ्या कामाचं नाही.

दोन फेऱ्या. रचना अस्मादिकांची. बाकीचे स्टँडवाले आईबहिणीवरून सुरू होतात, आमच्या कडव्यात एक शिवी सापडायची नाही. पण हा फरक कळायला डोकं लागतं, आणि ते तिकिटाबरोबर मिळत नाही.

पोटासाठी मी कवळ्या बनवतो. दंतवैद्य तोंडाचे साचे पाठवतात, मी मेणात दात बसवतो. तीस वर्षं माणसांची तोंडं बघतोय, त्यामुळे कोण जीव तोडून ओरडतोय आणि कोण नुसता जबडा हलवतोय हे मला मचाणावरून लगेच कळतं. आज चौथ्या रांगेत माझी लेक नुसता जबडा हलवत होती. घसा बसला असेल.

९ सप्टेंबर, मंगळवार

घसा ठणठणीत आहे. आमच्या पाठीराख्यांच्या मंडळाच्या चिटणीसाने (सायकलचं दुकान, अक्कल तेवढीच) कामावर येऊन एक पत्र हातात ठेवलं. खाली बारा सह्या, पहिली माझ्या लेकीची. 'पडली पडली' बंद करा. पडलेल्या पुरुषाला बाई म्हणायचं आणि हसायचं म्हणजे बाई ही शिवी ठरते, आम्ही याच संघाच्या आहोत, आम्हांला आमच्याच स्टँडमध्ये शिवी म्हणून उभं राहायचं नाही, वगैरे. नऊ बायका, तीन पुरुष. त्या तीन पुरुषांबद्दल न लिहिलेलं बरं.

दोन हजारांत बारा. पिठात मीठसुद्धा याहून जास्त असतं.

सहा वर्षांची असताना हिला मी खांद्यावर बसवून स्टँडमध्ये नेली. पाढ्यांच्या आधी माझं कडवं पाठ होतं हिला. आता वजनकाटे तपासायच्या खात्यात निरीक्षक झाली, दुकानदार हिला बघून काट्याखालची धूळ पुसतात, आणि बापाला पत्र पाठवते ते चिटणीसामार्फत. एका घरात राहून. जेवताना मी विचारलं, तोंड उघडून सांगता येत नव्हतं? तर म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, गंमत असते गं. चिटणीसाला तसं म्हणता येत नाही, त्याला पोच द्यावी लागते."

ही हुशारी माझ्याकडूनच आलीये. आईकडून यायचं कारण नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सायकलच्या दुकानामागच्या खोलीत सभा. टायरांच्या वासात लोकशाही. बाराजणांतल्या एका मास्तरीणबाईंनी लिहून आणलेलं वाचून दाखवलं, आवाज असा की पहिल्या रांगेलाही अर्धंच ऐकू आलं. मग मी उठलो. म्हटलं, हा फुटबॉलचा स्टँड आहे, बालवाडी नाही, ज्यांना ऐकवत नाही त्यांनी कानात बोळे घालावेत. खोली खदखदून हसली. मी काहीही बोललो तरी ही माणसं हसतात. मला त्यात काही विशेष वाटत नाही.

लेक उठली. माझ्या अंगावर येईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, कडवं बंद म्हणजे मुकादम बंद असं नाही, बाबांनी नवीन रचावं, त्यांच्यासारखं कुणाला येत नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, फर्माईश घ्यायला मी बँडवाला नाही. पुन्हा हशा.

एक्केचाळीस विरुद्ध बारा. ती म्हणाली ठीक आहे, आम्ही कानात बोळे घालणार नाही, तोंड बंद ठेवू. खुशाल ठेवा. दोन हजारांच्या आवाजात बारा गप्प बसले तर कुणाला पत्ता लागणार आहे?

घरी येऊन सहज म्हणून दोन ओळी लिहून बघितल्या. 'पडला पडला'च्या पुढे गेलो नाही. गरजच नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

एक-एक. गोल कसे झाले ते विचारायचं राहिलं.

चौथी रांग. तीन टोले पडले, मी हात वर केला, दोन हजार तोंडं उघडली, आणि मधोमध बारा मिटलेली. रागाने आवळलेली असती तर मला मजा आली असती. नुसती मिटलेली, फोटो काढताना मिटतात तशी. सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं असं ठरवून आलेली दिसली. मी जास्त जोर लावला, नियम मोडून तिसरी फेरी घेतली, मचाण हलायला लागलं. लेकीने पापणीसुद्धा हलवली नाही.

आजूबाजूचीही काही तोंडं मिटली. मी मोजत बसलो नाही. सात.

१६ सप्टेंबर, मंगळवार

संध्याकाळी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. बायको भाजी चिरत होती. बावीस वर्षांत ती मैदानावर फिरकलेली नाही, खेळात तिला गम्य नाही. मला म्हणाली, "सगळं शहर ऐकतं, मीच ऐकलेलं नाही. म्हणून दाखव की."

मी म्हटलं काय म्हणून दाखव.

"तुझं कडवं. चुलीपाशी मी उभीच आहे."

मी म्हटलं ही चूल नाही, गॅसची शेगडी आहे, आणि घोषणा एकट्याने देत नसतात, तिला ढोल लागतो. ती हसली नाही की रागावलीही नाही, सुरीवरून नजर न काढता भाजी चिरत राहिली. पाणी न पिताच बाहेर आलो. मायलेकींनी मिळून ठरवलं असणार.

२७ सप्टेंबर, शनिवार

हरलो. शून्य-एक. ते मुख्य नाही.

आज पंचांमध्ये एक बाई होती, कडेच्या रेषेवर झेंडा घेऊन धावणारी. आमच्या लीगमध्ये पहिल्यांदाच. मचाणावर चढताना मला दिसली, बुटांच्या नाड्या आवळत होती. उंच, केस बारीक कापलेले. मग मी लोकांकडे वळलो, त्यानंतर दिसली नाही.

एकाहत्तराव्या मिनिटाला तीन टोले. मी हात वर केला, स्टँडने पहिली फेरी उचलली. मग दुसरी. मग मागून शिट्टीवर शिट्टी वाजायला लागली म्हणून वळलो, तर स्ट्रेचर आलेलं. चेंडूमागे धावत सुटलेला आमचाच बचावपटू जाऊन तिच्यावर आदळला आणि ती जाहिरातीच्या फळीच्या लोखंडी कोपऱ्यावर पडली, असं सांगतात. गळ्याजवळचं हाड मोडलं. काही मिनिटं शुद्ध नव्हती. आणि त्याच वेळी उत्तरेचा स्टँड 'बाई पडली' म्हणत होता.

मला दिसलं नाही. दिसणं शक्यच नाही. पेंटरने तीन दिले, मी माझं काम केलं. चौथ्या रांगेत लेक उठून उभी राहिली होती, दोन्ही हात तोंडावर. तिच्या शेजारच्या मास्तरीणबाईंनी डोळे मिटून घेतले होते. दुसऱ्या रांगेतला तो आडदांड गॅरेजवाला, जो झोपेतसुद्धा गप्प राहत नसेल, त्याचं तोंड उघडं होतं पण जबडा हलत नव्हता. हे आपलं असंच लक्षात राहिलं. मैदानावर काय झालं ते मला दिसलं नाही, हे मी कुठेही सांगायला तयार आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

मी प्रसिद्ध झालो. कुणीतरी बाजूच्या स्टँडमधून चित्रण केलं होतं, ते फोनाफोनी फिरतंय. सकाळपासून लोकांचा राबता. काय टायमिंग, मुकादम. बाई पडली आणि मुकादमाने शब्द झेलला. ज्यांना जन्मात वेळेवर बस पकडता आली नाही ते माझ्या टायमिंगचं कौतुक करतायत. मला ही माणसं कधीच आवडली नव्हती हे आज नीट कळलं. पण दार मीच उघडत होतो.

पेंटर दुपारी आला. विचारलं, तीन टोले का दिलेस? म्हणाला, तिने तीनदा आपल्याविरुद्ध झेंडा वर केला होता, मग ती त्यांचीच झाली ना. आणि डोळा मारला. म्हणजे त्याने बघून दिले होते. एक ठेवून द्यायला हवी होती. मी चहा सांगितला.

चुकून झालं असं मी कुणालाच म्हटलं नाही. चुकून म्हटलं की मुकादम आंधळा ठरतो, मुद्दाम म्हटलं की राक्षस ठरतो. राक्षसाच्या पाठीवर निदान थाप तरी मारतात.

लेक कालपासून बोललेली नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

आज बोलली. मी हात धुत होतो, बोटांच्या बेचक्यात प्लास्टर अडकलं होतं. दारात उभी राहिली.

"एकच विचारते, बाबा. तुला दिसलं नव्हतं ना?"

"माझी पाठ होती."

तिने केवढा तरी श्वास सोडला. म्हणाली, मला माहीत होतं, मी सगळ्यांना तेच सांगत होते, मुकादम वाट्टेल ते असेल पण असा नाही. मग टॉवेल दिला.

माझी पाठ होती. यात खोटं काय आहे? तिने विचारलं, मी उत्तर दिलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

लीगची नोटीस. दहा तारखेला चौकशी. मुद्दाम केलं असं ठरलं तर आजन्म मैदानबंदी, नजरचूक ठरली तर ताकीद. तोवर मचाणावर चढायचं नाही.

माझ्या बाजूने कोण उभं राहणार? मंडळाने कळवलं की ही मुकादमाची वैयक्तिक बाब आहे. एक्केचाळीस मतांचे धनी, सगळे बिळात. लेक उभी राहणार आहे. ती इस्पितळात जाऊन त्या पंचबाईला भेटून आली आणि तिला म्हणाली म्हणे, कडवं घाणेरडं आहे, ते बंद पडेपर्यंत मी भांडणार आहे, पण माझ्या वडिलांनी तुम्हांला पडलेलं बघून ते म्हटलं नाही. यावरून बाराजणांत तिचं वाजलं. मास्तरीणबाई म्हणाल्या, तू नक्की कुणाकडून आहेस? हिने सांगितलं, खऱ्याकडून. शाळेच्या फळ्यावर लिहितात असलं वाक्य आहे हे. तरी मी दोनदा ऐकलं, बायकोकडून एकदा आणि लेकीकडून एकदा.

संध्याकाळी मला मैदानावर घेऊन गेली. टेप लावून मचाणाची उंची मोजली, माझ्या पावलांची जागा खडूने आखली, मान जास्तीत जास्त वळवली तर किती दिसतं ते लिहून घेतलं. मी पुतळ्यासारखा उभा. "मान सरळ ठेव, बाबा. तू होतास तसाच उभा राहा."

समोर रिकाम्या खुर्च्या होत्या. चौथी रांग तिथून चांगली स्पष्ट दिसते.

४ ऑक्टोबर, शनिवार

बावीस वर्षांत पहिल्यांदा सामन्याच्या दिवशी घरी. पेंटर मचाणावर चढला, असं कळलं. कडवं झालं. स्टँड माझ्याशिवाय दोन्ही फेऱ्या अचूक म्हणाला. बरंच झालं, किती मोठा कलावंत होतो ते कळलं.

लेकीने पुरावा म्हणून ते चित्रण मिळवलं होतं. दोघांनी टेबलावर बसून बघितलं. बाजूने काढलेलं आहे. डावीकडे ती पडते, उजवीकडे माझी पाठ तिच्याकडे. लेक म्हणाली हे बघ, कडवं संपेपर्यंत एकदाही वळला नाहीस, हे सोन्यासारखं आहे. पहिली फेरी संपते. मग माझे हात खाली येतात आणि मी नुसता उभा असतो. स्टँडही थांबतो. मग माझे हात पुन्हा वर जातात.

"इथे श्वास घेतलास," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. तिने मागे नेऊन वेळ बघितली आणि कागदावर लिहिली. चार सेकंद, श्वासासाठी. एवढ्या वर्षांत मला दोन फेऱ्यांच्या मध्ये श्वास लागलेला नाही. तिला हे माहीत असायला हवं, माझ्या खांद्यावर बसून शिकली ती. पण वय झालं असं धरलं असेल तिने.

८ ऑक्टोबर, बुधवार

वरच्या जबड्याच्या साच्यात बुडबुडा राहिला. दंतवैद्याने कवळी परत पाठवली, म्हातारीच्या हिरडीला टोचली. असलं काम शिकाऊ असतानाही माझ्या हातून झालं नव्हतं.

त्या चार सेकंदांबद्दल लिहायला बसलो होतो. पान फाडलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आजन्म बंदी. आधी निकाल लिहून टाकतो, नाहीतर राहून जाईल. फोनवर आत्तापर्यंत नऊजणांनी मला मूर्ख म्हटलं. पेंटर म्हणाला, गप्प बसला असतास तर शनिवारी मचाणावर होतास. बाई पडली तेव्हा यांनी माझी पाठ थोपटली, आणि खरं बोललो तेव्हा यांना माझी लाज वाटली. या लोकांना मी बावीस वर्षं तोंड दाखवत उभा होतो.

चौकशीची खोली छोटी. लांब टेबल, पलीकडे अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीश आणि लीगचे दोघे. भिंतीला लागून ती पंचबाई, डावा हात झोळीत, बसताना उजव्या हाताने टेबल धरून बसली. माझ्याकडे तिने एकदा बघितलं, ओळख करून घेतल्यासारखं.

लेकीने नकाशा पसरला. असली साक्ष मी कुणाची ऐकलेली नाही. उंची, कोन, अंतर, चित्रणातल्या वेळा, सगळं मोजून मापून. अडखळली नाही, आवाज चढवला नाही. म्हणाली, या घोषणेबाबत माझा वडिलांशी वाद आहे आणि तो मिटलेला नाही. पण ती व्यक्ती पडलेली त्यांना दिसणं अशक्य होतं, हे मी माझ्या नोकरीत काट्यावर शिक्का मारते तितक्या खात्रीने सांगते. आणि खाली सही केली.

अध्यक्षांनी त्या बाईला विचारलं. ती म्हणाली, मग माझी तक्रार नाही, यांच्या मुलीवर माझा विश्वास आहे. अध्यक्ष लिहायला लागले. ताकीद. मला म्हणाले, तुम्हांला काही सांगायचंय का, रिवाज म्हणून.

नाही म्हणून उठायचं होतं. मी उठलोच होतो. पण समोर लेकीची ती सही होती. तिच्या खात्यात खोट्या काट्यावर शिक्का मारणाऱ्याची नोकरी जाते, हे तिनेच मला पहिल्या दिवशी कौतुकाने सांगितलं होतं. मी तिच्याकडून खोट्या काट्यावर शिक्का मारून घेतला होता आणि ती कागदांना टाचणी लावत होती, खूश होऊन.

मी म्हटलं, "मुलीने सांगितलं त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. मला मैदान दिसत नव्हतं. पण मला ती दिसत होती."

अध्यक्षांनी विचारलं कोण.

"माझी मुलगी. चौथ्या रांगेत. पहिली फेरी संपली तेव्हा ती उठून उभी होती, दोन्ही हात तोंडावर. मी तीस वर्षं तोंडं बघतोय, खेळाडू पडला म्हणून तिचं असं होत नाही. मागे कुणीतरी, खेळाडू नव्हे, बाई, वाईट पडलीये हे मला तिथेच कळलं. मी थांबलो. ते चार सेकंद श्वासाचे नाहीत. मग मी दुसरी फेरी घेतली."

टाचणीचा हात तिथेच थांबला होता. मी लेकीकडे बघितलं नाही, पंचबाईकडे बघितलं, कारण ते सोपं होतं. तिने झोळीतला हात जरा सावरला आणि फार साध्या आवाजात विचारलं, "कळलं होतं तर दुसऱ्यांदा का म्हटलंत?"

सवय होती, भान नव्हतं, अशी दोन-तीन उत्तरं जिभेवर आली, सगळी बरी होती. मी म्हटलं, "मी थांबलो असतो तर ही जिंकली असती."

कोण ही, ते कुणी विचारलं नाही.

लेकीने नकाशाची घडी घातली. घडी नीट बसेना, पुन्हा उलगडून घातली. मग माझ्याकडे बघितलं. स्टँडमधल्या लोकांकडे मी जन्मभर ज्या नजरेने बघत आलो तीच ती नजर होती.

"एवढ्यासाठी?" ती म्हणाली.

मी हो म्हटलं.